बुंदीचा उपवास

आमचे लातूरचे घरमालक अप्पा भेटेल त्याला "जेवला का?" असं विचारायचे आणि "जेवलो" या उत्तरावर काडीचाही विश्वास ठेवायचे नाहीत. "काय जेवला?" हा दुसरा प्रश्न. "पिठलं-भाकरी" म्हटलं की "कोन केलं?" हा तिसरा. तेवढ्यानंही समाधान झालं नाही तर ते समोरच्याच्या तोंडाकडे असं टक लावून बघत, की आपण खरंच जेवलोय का, अशी आपल्यालाच शंका यायला लागे. मी बँकेत नोकरी करणारी, दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणारी बाई. पण सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून अप्पांना डबा उघडून दाखवल्याशिवाय माझी ऑफिसला जायची सोय नव्हती. भाजी बेताची दिसली तर आतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी यायची आणि ती नाकारायची मुभा नसायची.

अप्पांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत दुकान होतं. माझ्या वेळेला ते मुलाच्या हाती गेलं होतं, पण अप्पांच्या अंगातून काही गेलं नव्हतं. सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ते ओल सांगायचे. पोत्यात खुपसून माल काढायची लोखंडी परखी त्यांनी घरी आणून देवघराशेजारच्या खुंटीला अडकवून ठेवली होती, आणि बोलताना मधूनच ती हातात घ्यायचे. "पोतं खोटं बोलत न्हाई, मॅडम. मानूस बोलतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. मग परखी माझ्याकडे रोखून, "मानसाला ही खुपसता येत न्हाई, हीच पंचाईत हाय," असं म्हणून स्वतःच गडगडाटी हसायचे. गोरेपान, ठेंगणे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. त्याच विभूतीचे तीन पट्टे रोज सकाळी त्यांच्या स्कूटरच्या दिव्यावरही असायचे.

अप्पांच्या मते जगात रोग एकच होता, उष्णता. बाकीची नावं डॉक्टरांनी आपली पोटं भरायला पाडली होती. वरच्या मजल्यावर माझ्या शेजारी शिकवणीला आलेली दोन मुलं राहायची. त्यांना परीक्षेत मार्क कमी पडले की अप्पा सब्जाचं पाणी घेऊन वर यायचे, कारण मेंदूला उष्णता झाली. स्कूटर सुरू झाली नाही, उष्णता. कढीपत्त्याची पानं पिवळी पडली, उष्णता. आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, तळपायाला रोज संध्याकाळी काशाची वाटी घासायची हा तर घरातला नेमच होता, आणि ती स्वतः अप्पा घासायचे. एका उन्हाळ्यात इन्व्हर्टर तापलेला बघून त्यांनी त्यावर ओलं फडकं टाकलं. आक्का धावत आल्या, फडकं ओढून काढलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "साकू!" साकू म्हणजे पुरे. आक्कांचं माहेर उदगीरच्या पलीकडचं. एरवी त्या मराठी बोलायच्या, पण अप्पांना आवरायला त्यांना कानडीच लागायची.

अशा घरात मी माझी बुंदी घेऊन राहायला गेले.

खोली बघायला गेले तेव्हा अप्पांनी ओट्यावर बसवून माझी उलटतपासणी घेतली.

"अंडं?"

"नाही."

"मटन-मच्छी?"

"नाही."

"कुत्रं, मांजर?"

"नाही. पण एक पाल आहे माझ्याकडे."

अप्पांनी छताकडे हात केला. "पाली आमच्याकडं बी लई हायत. त्याला काय इचारायलाव?"

"तसं नाही अप्पा, पाळलेली आहे. पेटीत असते."

"मंग तर बरंच हाय की! आमच्या मोकळ्या फिरतेत. तुमची पेटीत बसती. लई गुनाची हाय." आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

बुंदी म्हणजे लेपर्ड गेको. पुण्यात शिकत असताना मी तिला रीतसर कागदपत्रं करून घेतली होती. अंगावरच्या ठिपक्यांमुळे या पालींना बिबट्याचं नाव मिळालं आहे, पण तिच्याकडे बघून मला बिबट्या कधी आठवला नाही. पिवळीधमक, वीतभर लांब, लाडवातल्या वेलदोड्याच्या दाण्यांसारखे काळे ठिपके, म्हणून बुंदी. तोंडाची ठेवण अशी की कायम गालातल्या गालात हसते आहे असं वाटावं.

आठवडाभरानं नळ दुरुस्त करायला प्लंबरला घेऊन अप्पा वर आले आणि दारातच थांबले. काचेच्या पेटीतल्या बुंदीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"ह्याला पाल मनतेत?" अप्पांचा आवाज बारीक झाला होता.

आता खोली सोडायला सांगतात, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात बुंदीनं सावकाश डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. अप्पा दोन पावलं पुढे आले. भिंतीवरच्या पालींना पापण्या नसतात, हिला असतात, ही झोपताना डोळे मिटते आणि हिला भिंतीवर चढताही येत नाही, असं मी सांगितलं. अप्पांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, वर ये! ही पाल डोळे मिटायलीय, मानसावानी!"

"मिटू द्या," खालून आक्का म्हणाल्या. "मी येत नसते."

आक्का आयुष्यात एकाच गोष्टीला भीत, ती म्हणजे पाल. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या खांद्यावर पाल पडली होती आणि सासूबाईंनी भर थंडीत डोक्यावरून आंघोळ करायला लावली होती. तेव्हापासून पाल म्हटलं की त्यांना हुडहुडी भरायची. बुंदी घरात आल्यापासून त्यांनी जिन्याची पहिली पायरी ओलांडली नव्हती. माझ्याशी काही बोलायचं असेल तर खालूनच बोलायच्या, आणि त्यांचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा, त्यामुळे माझ्या सगळ्या खासगी बाबी गल्लीला ठाऊक असायच्या.

खरी अडचण होती बुंदीच्या जेवणाची. अप्पांनी तिलाही "काय जेवती?" विचारलंच. मी घाबरत घाबरत गव्हाच्या कोंड्याचा डबा उघडला. आत पिवळसर अळ्या वळवळत होत्या. अंडंसुद्धा वर्ज्य असलेल्या घरात मी जिवंत अळ्या पोसत होते. अप्पांनी डब्यात बघितलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"ह्यो तर गोदामातला किडा!"

"तसलाच आहे."

"जन्मभर ह्याच्या मागं लागलो मी! ह्यानं माझी तूर खाल्ली, हरभरा खाल्ला. आन् ही ह्याला खाती?" ते पेटीजवळ गेले आणि बुंदीला हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "तू मोंढ्यात कामून आली न्हाईस गं?"

तरी धर्म तो धर्मच. अप्पांनी एक अट घातली. सोमवारी या घरात कुणाच्या पोटात जीव जाणार नाही. मी लगेच कबूल झाले, कारण पूर्ण वाढलेल्या गेकोला एक दिवसाआड खायला दिलं तरी पुरतं. अप्पांनी मात्र गल्लीत सांगून टाकलं की वरची पाल सोमवार धरते. मोंढ्यातली त्यांची जुनी मित्रमंडळी तिला बघायला यायला लागली. अप्पा पेटीपुढे उभे राहून तिची माहिती सांगायचे आणि शेवटी तिच्या शेपटाकडे बोट करायचे. गेको अंगातली चरबी शेपटात साठवतात, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यावर त्यांनी आपला शिक्का मारला होता. "हे हिचं पोतं हाय. भरलेलं हाय तवर फिकीर न्हाई."

पुढे श्रावणाच्या तोंडावर मला बँकेनं दोन-तीन आठवड्यांसाठी मुखेडच्या शाखेत पाठवलं. बुंदीला सोबत नेणं शक्य नव्हतं. अप्पांनी छातीवर हात ठेवला. "आमी हाव की." मी त्यांना सगळं दाखवलं. अळ्यांची वाटी कुठे ठेवायची, पाणी कधी बदलायचं, पेटीच्या एका टोकाखाली विजेची गरम चटई असते ती. वाटीचा प्रश्न अप्पांनी स्वतःच्या पद्धतीनं सोडवला. वाटी आत ठेवायची आणि लगेच पाठ फिरवायची. "म्या किडा दिला न्हाई, वाटी दिली," असं ते म्हणाले. ती खाताना बघायचं नाही, म्हणजे पाप अंगाला लागत नाही. मला हसू आवरेना.

मुखेडहून मी रोज फोन करायची.

"अप्पा, बुंदीनं खाल्लं का?"

"आज सोमवार हाय, मॅडम."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

"न्हाई घेतलं. वाटी तशीच हाय."

पहिले काही दिवस मी निर्धास्त होते. कात टाकायच्या आधी बुंदी फिकट पांढुरकी पडते आणि खाणं सोडते, हे मला माहीत होतं. पण कात टाकून झाली असं अप्पांनी सांगितलं, त्यालाही आठवडा उलटला, आणि फोनवरचा त्यांचा आवाज रोज जास्तच आनंदी होत चालला. एके दिवशी तर ते गहिवरलेच.

"मॅडम, तुमाला सांगू का? श्रावण लागल्यापासून तिनं अन्नाला तोंड लावलं न्हाई. नुसतं पान्यावर हाय. लेकरानं आख्खा श्रावण धरलाय!"

आता मात्र माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी म्हटलं, मला तिच्या शेपटाचा फोटो पाठवा. फोटो आला. बुंदी ओल्या फडक्यावर बसलेली, समोर झेंडूचं फूल, आणि शेपटावर अप्पांनी भक्तिभावानं बेलाचं पान ठेवलेलं. शेपूट तेवढं दिसत नव्हतं. मी साहेबांकडून सुट्टी मागून घेतली आणि त्याच दिवशी संध्याकाळी लातूरला आले.

वीज गेलेली होती, आणि इन्व्हर्टर खालच्या मजल्यापुरताच होता. मोबाइलच्या उजेडात मी बुंदीला हातावर घेतलं. ते जाडजूड शेपूट वाळक्या गवारीसारखं झालं होतं. डोळे आत गेलेले, अर्धवट मिटलेले. एरवी संध्याकाळ झाली की ती तरातरा बाहेर यायची. आता तळहातावर नुसती पडून होती. मागच्या पायांच्या बोटांना जुन्या कातीची वेटोळी चिकटून राहिली होती. कात अशी अडकली की बोटांचं रक्त थांबतं आणि बोटं झडतात. मला रडूच आलं.

"अप्पा, ही आजारी आहे."

"आजारी कशानं? उपास केल्यावर मानूस वाळतोच की," अप्पा म्हणाले. पण त्यांच्या आवाजातला जोर गेला होता. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत ते शेपूट अलगद धरलं, मोंढ्यात दाणा धरायचे तसं, आणि धरूनच ठेवलं. तरी हट्टानं म्हणाले, "तिची भक्ती हाय ती. मी सगळ्या गल्लीला सांगून बसलो."

तेवढ्यात खालून, जिन्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आक्का बोलल्या. या वेळी त्यांचा आवाज तीन घरं पलीकडे गेला नाही, जेमतेम आमच्यापर्यंत आला.

"अवो, मी बी उपासच मनले होते तुमाला."

अप्पांनी बुंदीचं शेपूट सोडलं. ते जिना उतरून गेले.

ती हकिकत मला आक्कांनीच पूर्वी एकदा सांगितली होती. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. जेवण जाईना. सांगितलं तर दवाखाना मागे लागेल म्हणून त्या रोज नवा उपवास काढायच्या. आज सोमवार, आज अमावास्या, आज नवस फेडायचाय. अप्पांना बायकोचा केवढा अभिमान वाटला! मोंढ्यात बसून ते तिच्या भक्तीच्या गोष्टी सांगायचे. एक दिवस आक्का तुळशीपाशी चक्कर येऊन पडल्या. सोलापूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं तेव्हा डॉक्टर अप्पांना म्हणाले, बाई एवढी खंगली आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? त्या दिवसापासून अप्पांनी कुणाच्याही उपवासावर आणि कुणाच्याही "जेवलो"वर विश्वास ठेवणं सोडून दिलं. फक्त बुंदीच्या वेळेला ते कसे फसले कोण जाणे. बिचारी खोटं बोलू शकत नाही, म्हणून फसले असावेत.

सकाळी मी बुंदीला भोकं पाडलेल्या डब्यात घालून खाली आले, तर अप्पा फाटकाशी तयार उभे. धुतलेलं धोतर, कोट, खांद्याला पिशवी.

"चला. नांदेडला जायचं ना?"

लातूरच्या एका दवाखान्यात मी फोन केला होता. त्यांनी "म्हैस असंल तर आना" म्हणून फोन ठेवला होता. नांदेड माझं गाव. तिथली एक डॉक्टर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची बहीण होती आणि तिला असल्या जनावरांचा नाद होता. रात्रीच तिच्याशी बोलून मी आक्कांना तसं सांगितलं होतं. अप्पांनी डबा माझ्या हातातून घेतला, पांढऱ्या स्वच्छ पंचात बांधला आणि एसटीत खिडकीशी बसून पोटाशी धरला. बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून त्यावरून शाल ओढून घेतली.

कंडक्टरचं लक्ष गेलंच. "आजोबा, डब्यात काय हाय?"

मला घाम फुटला. अप्पा जन्मात खोटं बोललेले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला.

"उपासाचं हाय," ते म्हणाले.

कंडक्टर पुढे गेला. पलीकडच्या बाकावरच्या म्हातारीनं मात्र मान पुढे काढली. "साबुदाना हाय का, अप्पा? मला बी उपास हाय."

"न्हाई मावशी, हे देन्यासारखं न्हाई," अप्पा गंभीरपणे म्हणाले आणि पिशवीतून दोन केळी काढून तिच्या हातात दिली. त्या काळजीतही मला खिडकीकडे तोंड करून हसावं लागलं. वाटेतलं लोहा गाव जवळ आलं तसं अप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "हालायलीय. मगाधरनं दोनदा हालली." त्यांचे डोळे भरून आले होते.

डॉक्टरीणबाईंनी बुंदीला नीट तपासलं. तोंड अलगद उघडून बघितलं, जबडा दाबून बघितला, नाकपुड्या बघितल्या, पाय एकेक करून सरळ करून बघितले. "तोंडात जखम नाही, हाडं चांगली आहेत, छातीत घरघर नाही. पोटात अंडीही नाहीत. खाणं कशानं सोडलं असेल?" मग त्यांनी मला विचारलं, "पेटीत गरम जागा असते ना? चटई चालू असते ना कायम?"

"हो, कायम."

अप्पा खाकरले. "बंद केली व्हती म्या."

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायला लागलो.

"हात लावून बघितला तर गरम लागलं," अप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "मनलं लेकराच्या पोटाखाली शेगडी कशाला? उष्णता व्हईल. मनून बंद केलं. खाली ओलं फडकं बी घालायलो व्हतो."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. या जिवाला स्वतःची उष्णता नसते. ती बाहेरून घ्यावी लागते. पोट गरम असेल तरच खाल्लेलं पचतं, आणि पचणार नसेल तर तो खातच नाही.

अप्पांनी पंचाचं टोक बुंदीच्या अंगावर ओढलं. मग म्हणाले, "मंजे जगात एक जीव असा हाय, की त्याला उष्णता कमी पडती."

"हो काका."

"आन् तीच म्या काढून घेतली."

त्या वेळचा अप्पांचा चेहरा मला बघवला नाही. डॉक्टरीणबाईंनाही बघवला नसावा, कारण त्या घाईघाईनं म्हणाल्या, वेळेवर आणलंत, आता आधी चार-पाच दिवस नुसती ऊब द्या, पाणी द्या, मगच खायला घाला. खाल्लं तर वाचली समजा. आणि यापुढे रोज चार गोष्टी बघायच्या: शेपूट, डोळे, बोटं आणि शी.

"शी बी?" अप्पांनी विचारलं.

"शी सगळ्यात आधी."

परत येताना त्यांनी डबा कोटाची बटणं काढून आत, सदऱ्याला लावून धरला. "इथं गरम असतंय," एवढंच बोलले.

त्यानंतरच्या दिवसांत अप्पांचा मुक्काम माझ्याच खोलीत असायचा. चटई चालू आहे ना, हे बघायला ते तासाला एकदा हात लावायचे आणि गरम लागलं की समाधानानं मान हलवायचे. वीज गेली की धावत खाली जाऊन रबरी पिशवीत गरम पाणी भरून आणायचे. त्यांना असं बघून शिकवणीच्या मुलांनी विचारलं, "अप्पा, उष्णता होणार नाही का?" तर अप्पांनी त्यांनाच झापलं, "तुमाला काय कळतंय रे त्यातलं?" बोटांवरची कात त्यांनीच काढली. कोमट पाण्यात बुंदीचे पाय भिजवून, ओल्या कापसानं, दाण्यावरचं टरफल सोलावं तसं एकेक वेटोळं सोडवलं. बोटं शाबूत राहिली. पहाटेची पूजा झाली की विभूती लावलेल्या कपाळानं ते पेटीत वाकून शी शोधायचे, आणि नसली की आल्या पावली परत जायचे.

आणि ते स्वतः जेवत नव्हते. आक्कांनी खालून मला सांगितलं, "रातच्याला ताटावर बसत न्हाईत. उपास हाय मनतेत. मंगळवारी कसला उपास असतोय गं?" मी अप्पांना विचारलं तर त्यांनी विषय बदलला. आक्का मात्र वाद घालत बसल्या नाहीत. त्यांना या माणसाची सगळी पोती आतून माहीत होती.

श्रावणातला शेवटचा सोमवार आला. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस होऊन गेले होते. दिवेलागणीला, सगळी गल्ली उपवास सोडायच्या गडबडीत असताना, बुंदी बिळातून डोकं काढून बाहेर बघायला लागली. डोळे पूर्ण उघडे होते. मी वाटी काढली आणि थांबले.

"अप्पा, आज सोमवार आहे. उद्या देऊ."

"सोमवार माझा हाय," अप्पा म्हणाले. "तिचा न्हाई."

त्यांनी माझ्या हातातला चिमटा घेतला. गळ्यातल्या लिंगाला हात लावला, त्या अळीला म्हणाले, "माफ कर बाबा, जुनं वैर मनून न्हाई," आणि तिला उचलून बुंदीपुढे धरलं. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही.

बुंदीनं बघितलं. मान तिरकी केली. शेपटाचं टोक हललं. बराच वेळ काहीच होईना, आणि अप्पांच्या ओठांतून नामस्मरण सुरू झालं. मग एकदम झडप. चिमटा रिकामा. बुंदी दोनदा तोंड हलवून ओठांवरून जीभ फिरवत होती, हलवायाच्या दुकानातून बाहेर पडलेल्या गिऱ्हाइकासारखी.

"सोडला!" अप्पा एवढ्यानं ओरडले, की शेजारची मुलं पुस्तकं टाकून धावत आली. "सोडला गं, लेकीनं उपास सोडला!" ते दारात गेले, परत पेटीपाशी आले, मला म्हणाले अजून एक द्या, मग स्वतःच म्हणाले नको, लई होईल. हसत होते आणि शालीनं डोळे पुसत होते. मीही तेच करत होते.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी थांबून. आक्का दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात वाढलेलं ताट होतं. वरण, भात, पुरणाची पोळी, तूप. त्यांनी पेटीच्या बाजूला न बघता खोलीत पाऊल टाकलं, ताट अप्पांपुढे ठेवलं आणि माझ्या खुर्चीत बसल्या.

"आता तुमी सोडा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर. खाली जाऊन जेवतो मनायचं न्हाई."

अप्पा पाटसुद्धा न मागता फरशीवर बसले आणि जेवायला लागले. पहिला घास घेतला तसा त्यांचा हुंदका फुटला, पण जेवणं काही थांबलं नाही. दुसरी पोळी संपेपर्यंत आक्का त्यांच्या घासाघासाकडे बघत होत्या. मग धीर करून त्यांनी पेटीकडे मान वळवली. काचेला तोंड लावून बुंदी त्यांच्याकडेच बघत होती. आक्कांनी पदर घट्ट लपेटून घेतला, थोडं पुढे वाकल्या.

"काय गं," त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

बुंदीनं डोळे मिटले आणि उघडले.

"जेवली," अप्पा भरल्या तोंडानं म्हणाले. "मी सोता बघितलंय."